‘जरा नजर टाका’ म्हणणाऱ्या स्मरणिका मंडळांना

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी साहित्य संमेलनांच्या संयोजन समित्या आणि त्यांची स्मरणिका मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

भातकापणी उरकली, मळण्या चालू आहेत. त्या संपल्या की गावोगाव तुमच्या बैठका बसतील. कुठं वाचनालयात, कुठं देवळाच्या कट्ट्यावर. अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, ग्रंथदिंडी कुठून निघणार, पंगतीला हुग्गी की शिरा, सगळं ठरेल. मग कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा, खानापुरात माचीगड, निपाणीकडं कारदगा असं करत आमचे हिवाळ्यातले रविवार भरून जातील. आणि दरवर्षीप्रमाणं, संमेलनाच्या आदल्या गुरुवारी रात्री नऊनंतर माझा फोन वाजेल.

“सर, स्मरणिका तयार आहे. सकाळी छपाईची प्लेट करायचीय. तुम्ही फक्त जरा नजर टाका.”

हे पत्र त्या ‘जरा नजर टाका’बद्दल आहे.

मी १९७९ साली शहापुरातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे टाकायला लागलो. टाकायला म्हणजे छापून झालेल्या मजकुराचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, वेगळे करून ज्याच्या त्याच्या घरात परत ठेवायला. एखादा ‘घ’ चुकून ‘ध’च्या घरात पडला की चार दिवसांनी कुणाच्या तरी नव्या दुकानाच्या पत्रिकेत ‘उद्घाटना’चं ‘उद्धाटन’ व्हायचं आणि शिव्या खिळे जुळवणारा कंपोझिटर खायचा. पुढं मी प्रुफं वाचायला बसलो आणि उठलोच नाही. वर्तमानपत्र, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, काय म्हणाल ते वाचलं. डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर नोकरी सुटली, पण तुमचे फोन काही सुटले नाहीत. त्यामुळं हे लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

आमच्या वेळी प्रूफ दोघं मिळून वाचत. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचणार, दुसरा प्रुफावर तांबडी पेन्सिल धरून बसणार. वाचणारा विरामचिन्हांसकट वाचायचा : ‘दिंडी वेशीवर आली स्वल्प मागं लेझीम स्वल्प पुढं पालखी पूर्ण नवा परिच्छेद’. खिडकीतून ऐकणाऱ्याला वाटायचं, यांना भुताटकी झाली. पण त्यात एक शहाणपण होतं. डोळा अक्षरं वाचत नाही. ओळखीच्या शब्दाचा आकार दिसला की पुढं सरकतो. ज्यानं लेख लिहिलाय त्याला तर कागदावर नसलेलं अक्षरही दिसतं. दुसऱ्याच्या तोंडून शब्द कानावर पडला की डोळ्याला थांबावंच लागतं.

राहिलेलं अक्षर आत घालण्यासाठी ओळीखाली जी खूण करतात तिला आपण काकपद म्हणतो, कावळ्याचा पाय. आमच्या छापखान्यात कन्नड बाजूचे एक तिद्दणारे, म्हणजे प्रूफ तपासणारे, होते, ते त्याच खुणेला हंसपाद म्हणायचे. प्रूफ तपासणं म्हणजे त्यांच्या भाषेत ‘करडु तिद्दोदु’. करडु म्हणजे कच्चा मसुदा, आपल्याकडं मात्र करडू म्हणजे शेळीचं पिल्लू. मालक मजेत ओरडायचे, “अरे, दोन्ही करडं आली का बघ!” आणि एक मराठी, एक कन्नड अशी प्रुफं आमच्या टेबलावर येऊन पडायची. माझ्या कावळ्यापेक्षा त्यांचा हंस दिसायला सुरेख असायचा, हे कबूल करतो.

असो. मुद्द्यावर येतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गाव सांगत नाही, छापखानाही सांगत नाही. रात्री साडेअकराला मी एका डीटीपीच्या खोलीत बसलो होतो. संगणकावर बसलेला मुलगा विशीतला, शिक्षण सगळं कन्नड शाळेत, घरी मराठी. कामाला वाघ. त्याच्या मजकुरात सगळीकडं ‘कवि’, ‘गुरु’, ‘स्मृति’ असं ऱ्हस्व पडलेलं. त्याच्या बाजूनं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कन्नडमध्ये हे शब्द शेवटी ऱ्हस्वच लिहितात आणि त्याला शाळेत तसंच शिकवलंय. मी त्याला म्हटलं, “बाळा, मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ. कवी कर, गुरू कर.” साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ नियम काही मी त्याला म्हणून दाखवले नाहीत, मध्यरात्र जवळ आली होती. एवढं एकच वाक्य सांगितलं आणि चहा प्यायला बाहेर गेलो.

परत आलो तर पोरगं खूश. “सर, सगळीकडं बदलून टाकलो की एकदम.”

“वाचलास का बदलल्यावर?”

“वाचलो की सर.”

पुण्याचा कुणी पाहुणा तिथं असता तर त्याला वाटलं असतं, हा कुठल्या तरी अपघातातून वाचला. आपल्याकडं ‘मी पुस्तक वाचलो’ असंच म्हणतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या रात्री तो खरंच वाचला, आणि मीही. कारण मी पान उलटलं तर मथळा : ‘कवीता विभाग’. पुढच्या पानावर ‘निमंत्रितांचे कवीसंमेलन’. त्याच्या पुढं ‘कवीवर्य’. त्यानं संगणकाला सांगितलं होतं, जिथं ‘कवि’ दिसेल तिथं ‘कवी’ कर, आणि संगणकानं इमानदारीनं केलं. चाळीस पानांत एकही कविता शिल्लक नव्हती, सगळ्या ‘कवीता’.

चूक कुणाची? माझी. मी अर्धाच नियम सांगितला. सुटा शब्द ‘कवी’, पण समासात पहिला आला की ‘कविसंमेलन’, ‘कविवर्य’. ‘गुरू’ सुटा दीर्घ, ‘गुरुपौर्णिमा’ ऱ्हस्व. आणि ‘कविता’ हा तर वेगळाच शब्द, त्याच्या वेलांटीला हात लावायचा प्रश्नच नाही. हे नीट सांगायला पाच मिनिटं लागली असती. आम्ही दोघं पहाटे तीनपर्यंत एकेक ‘कवीता’ शोधून परत ऱ्हस्व करत बसलो.

खिळ्यांच्या काळातही हे व्हायचंच, फक्त रीत वेगळी. एका ओळीतला चुकीचा खिळा चिमट्यानं काढला की ओळ सैल व्हायची आणि टोकाचं दुसरंच अक्षर निसटून पडायचं. म्हणून दुसऱ्या प्रुफाला दुरुस्त केलेली ओळच नव्हे, तिच्या वरची आणि खालचीही वाचायची, असा दंडक होता. आता ओळी निसटत नाहीत. पण तुमच्यापैकी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दुरुस्ती’ पाठवतो, ऑपरेटर ती दुसऱ्याच परिच्छेदात चिकटवतो, आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटची’ अशा तीन फायलींतली पहिलीच प्लेटला जाते. दुरुस्तीनंतर पुन्हा वाचायचं असतं, हे तुमच्या वेळापत्रकात कुठंच नसतं. मुळात वाचनच नसतं, तर फेरवाचन कुठलं!

फाँटच्या भानगडीबद्दल थोडक्यात. जुन्या फाँटात टाइप केलेला लेख युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, आणि मध्येच टिंबांची वर्तुळं उगवतात. हे नुसत्या डोळ्यांनाही दिसतं, म्हणून त्याची मला एवढी भीती नाही. भीती आहे ती नीट दिसणाऱ्या चुकीची.

उदाहरणार्थ रफार. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’, या दोन्हींत शुद्धलेखनाची चूक एकही नाही. एकात वर रफार, दुसऱ्यात ती आडवी ‘ऱ्या’. एका गावच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी एक वाजता छापलं होतं, ‘आचाऱ्यांचा सत्कार’. व्यासपीठावर संस्कृतचे जाणते पाहुणे बसलेले. आणि मंडपामागं चुलवाणाजवळ आमचा आचारी हात धुऊन, शर्ट बदलून, केस विंचरून तयार. कुणीतरी त्याला पत्रिका वाचून दाखवली होती. संयोजक हुशार. त्यांनी एक शाल धावत जाऊन आणली आणि दोघांचाही सत्कार केला. एवढ्या वर्षांत संमेलनांत झालेल्या सत्कारांपैकी तो मला सगळ्यांत रास्त वाटला. पण दरवेळी चूक इतकी गोड निघत नाही.

एका स्मरणिकेत आपल्या भागातल्या संमेलनांच्या इतिहासावर चांगला लेख होता. लेखकानं मेहनत घेतली होती. बेळगावात अखिल भारतीय संमेलन तीनदा झालं : १९२९ ला शि. म. परांजपे अध्यक्ष, १९४६ ला ग. त्र्यं. माडखोलकर, २००० ला य. दि. फडके. यातल्या माडखोलकरांच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या दर भाषणात ते येतंच. छापताना १९४६ चे आकडे उलटले आणि १९६४ झालं. म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाल्यावर आपण इथं बसून ते मागितलं! लेखक हस्तलिखित घेऊन माझ्याकडं आले. त्यात स्वच्छ १९४६ होतं. पुढं एका विद्यार्थिनीनं आपल्या प्रकल्पात त्या स्मरणिकेवरून १९६४ उतरवलं, हे मला तिच्या मास्तरांकडून कळलं. शब्दातली चूक वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. आकड्यातली कशावरून करणार?

फोन नंबरांचं तसंच. तुमची स्मरणिका जाहिरातींवर उभी राहते : पतसंस्था, सराफ, खतांचं दुकान, मंगल कार्यालय, बोअरवेल. एका बोअरवेलवाल्याच्या जाहिरातीत शेवटचा आकडा चुकला. तो नंबर निघाला पलीकडच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. उन्हाळाभर त्या बाईंना पहाटे सहापासून फोन : “किती फुटाला पाणी लागतंय?” सुरुवातीला त्या चिडायच्या, मे महिन्यात म्हणे भाव सांगायला लागल्या होत्या. बोअरवेलवाल्यानं पुढच्या वर्षी जाहिरात दिली नाही. ‘तुमच्या स्मरणिकेवरून एकही गिऱ्हाईक आलं नाही’ असं त्यानं सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

आता गावांची नावं. इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं मला राग येतो.

पूर्वी लेख हातानं लिहून यायचे. आता मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहितात नाहीतर तोंडानं बोलतात, आणि यंत्र त्याचं मराठी करून देतं. या यंत्राला आपली गावं माहीत नाहीत. ते येळ्ळूरचं ‘येल्लूर’ करतं, कंग्राळीचं ‘कंगराली’, म्हाळेनट्टीचं ‘महालेनट्टी’. हलग्याला ‘ल’, सुळग्याला ‘ळ’. याला नियम नाही, गाव माहीत असावं लागतं. बेक्किनकेरे, चलवेनहट्टी, नंदिहळ्ळी, हंदिगनूर ही नावं कुठल्या शब्दकोशात सापडणार? कन्नड शाळेत शिकलेला ऑपरेटर ‘ळ’ कधी चुकत नाही, त्याच्या लिपीत तो रोज असतो. चुकतो तो आपला मराठी लेखक, कारण तो यंत्रावर विसंबतो आणि परत वाचत नाही. गावच्याच संमेलनाच्या स्मरणिकेत गावचं नाव तीन तऱ्हांनी छापलेलं मी पाहिलंय : मुखपृष्ठावर एक, मनोगतात दुसरं, जाहिरातीत तिसरं.

(शहराच्या नावाचं विचाराल तर, २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदांवर ‘बेळगावी’ आलंय. तुमच्या लेखांत ‘बेळगाव’च असतं. जाहिरात देणाऱ्यानं जसं लिहून दिलंय तसं जाहिरातीत ठेवा, लेखात लेखकाचं ठेवा. मुद्रितशोधकानं तिथं आपलं राजकारण चालवू नये.)

माणसांची नावं तर त्याहून नाजूक. श्रद्धांजलीच्या पानावर वारलेल्या कार्यकर्त्याचं आडनाव चुकवायचं, आणि वर ‘श्रद्धांजली’चं ‘श्रध्दांजली’ करायचं, म्हणजे ‘द’ला ‘ध’ जोडायचा तिथं उलटं. घरची माणसं काही बोलत नाहीत. ती स्मरणिका ट्रंकेत ठेवून देतात. पण पुढच्या वर्षी त्या घरातून वर्गणी देताना जो हात जरा थांबतो, तो का थांबतो हे तुम्हाला कळत नसतं.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीनं लिहायचं कारण सांगतो. परवा मला एका निवेदनाची प्रत कुणीतरी वाचायला दिली. विषय : मराठी भाषकांना मराठीतून कागदपत्रं मिळावीत. मागणी रास्त, माझी सही त्याखाली आहे. पण एका पानाच्या त्या निवेदनात मी अकरा चुका मोजल्या, आणि ‘मातृभाषा’ हा शब्द दोन्ही ठिकाणी ‘मात्रुभाषा’ असा होता. मी सही करताना तो दुरुस्त करायला गेलो, तर एक तरुण म्हणाला, “राहू दे काका, साहेबाला कुठं मराठी येतंय!” त्याचं बोलणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. साहेबाला येत नाही म्हणूनच तर आपण ते निवेदन देत होतो ना?

‘हुतात्मा दिना’चे फलक बघा. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब बिचारा. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या ज्या हुतात्म्यांपुढं आपण डोकं टेकतो त्यांना आपणच फलकावर दीन करून टाकतो, तेही चार फुटी अक्षरांत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या चौकात लागलेल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर ‘अभीजात’ होतं. फ्लेक्स करणाऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, दोन दिवसांनी काढायचाच आहे. त्याचं त्याच्यापुरतं खरं आहे, फ्लेक्स दोन दिवसांचा. तुमची स्मरणिका तशी नाही. १८४८ साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं जा आणि जुनी मराठी पुस्तकं चाळा. कित्येकांच्या शेवटी शुद्धिपत्र असतं : अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध हे, शुद्ध हे. छापून झाल्यावरही कुणीतरी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, त्याची ती पावती. आपल्या स्मरणिकांत शुद्धिपत्र नसतं, आणि ते चुका नसतात म्हणून नव्हे.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या धंद्यातल्या माणसांनाही मी ओळखतो. तांबडी पेन्सिल हातात आली की काहींना आपण हेडमास्तर झाल्यासारखं वाटतं. एका गावच्या स्मरणिकेत एका शेतकरी मुलाची कथा होती. त्यात म्हातारा सांगतो : ‘मी भाकरी खाल्लो, बैलं सोडलो आणि मग तुला हाक मारलो.’ मंडळातल्या एका सुशिक्षितानं ते ‘शुद्ध’ केलं : ‘मी भाकरी खाल्ली, बैल सोडले आणि मग तुला हाक मारली.’ व्याकरण झालं, म्हातारा मेला. तो म्हातारा पुण्यातून एसटीनं उतरल्यासारखा बोलायला लागला. ‘खाल्लो’, ‘सोडलो’ ही आपल्या मातीतली, कन्नडच्या शेजारानं घडलेली मराठी आहे. अवतरणात ती लेखकाची असते. तिथं ऱ्हस्व-दीर्घ बघावं, राहिलेली टिंबं बघावीत आणि शंका आली तर लेखकाला फोन करावा. त्या मुलानं पुढं कथा पाठवली नाही, असं ऐकलं. चुका राहू देणं आणि नको तिथं हात घालणं, या दोन्हींचं मूळ एकच आहे, वाचताना घाई. नीट वाचणाऱ्याला कळतं की हा म्हातारा बोलतोय.

माझी स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय हे पत्र टाकलं तर ते खोटं होईल. पंचवीसेक वर्षं झाली. एका स्मरणिकेची आतली छप्पन्न पानं मी तीनदा वाचली. अनुस्वार सुटला नव्हता. मुखपृष्ठ मात्र वाचलं नाही, कारण त्यावर वाचण्यासारखं होतंच काय? गावाचं नाव, साल, आणि दोन इंची अक्षरांत ‘स्मणिका’. ‘र’ नाही. मी पाहिलं, मालकांनी पाहिलं, चित्रकारानं तर ती अक्षरं हातानं रंगवली होती, मंडळाचे चौघे पाहून गेले. पाचशे मुखपृष्ठं गुळगुळीत कागदावर छापून आली आणि शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदा वाचली ती बांधणीवाल्याच्या सातवीतल्या मुलीनं. “बाबा, स्मणिका म्हंजे काय?”

पुन्हा छापायला वेळ नव्हता, पैसे नव्हते. मग गावातली सहा-सात पोरं, मालक आणि मी छापखान्याच्या जमिनीवर पोतं अंथरून बसलो, आणि पाचशे मुखपृष्ठांवर ‘म’ आणि ‘णि’च्या मध्ये काळ्या पेनानं काकपद काढून वर ‘र’ लिहिला. गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, म्हणून प्रत्येकावर फुंकर मारायची आणि बाजूला ठेवायचं. सकाळी अध्यक्षांनी रंगीत कागद सोडून प्रकाशन केलं. अंक वर धरण्याआधी त्यांनी त्या खुणेवरून एकदा अंगठा फिरवला. बोलले काही नाहीत. त्यातली एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मोठी अक्षरं आधी वाचायची, हे मी तेव्हापासून शिकलो.

तर यंदा माझं तुमच्याकडं मागणं आहे, आणि ते फार नाही. लेख पंधरा दिवस आधी गोळा करा. आला नाही त्याचा छापू नका, मग तो कितीही मोठा असो. प्रुफं मला मोबाइलवर पाठवू नका. बोटानं मोठं करून बघितलं की शब्द दिसतो आणि ओळ हरवते. कागदावर काढून आणा, सोबत मूळ प्रत द्या, आणि चार दिवस द्या. दोन दिवस पहिल्या वाचनाला, एक दुरुस्तीला, एक दुरुस्ती तपासायला. नावं, आकडे आणि फोन नंबर मी वेगळ्या बैठकीत बघतो, मजकुराच्या ओघात ते सापडत नाहीत. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे सगळ्यांत शेवटी, कारण तुम्ही शेवटच्या रात्री एक तरी जाहिरात घुसवताच.

पैशाचंही बोलू. मंडपवाल्याला आगाऊ देता, स्पीकरवाल्याला आगाऊ देता, फ्लेक्सवाला तर पैसे घेतल्याशिवाय यंत्र चालू करत नाही. मुद्रितशोधकाला शाल आणि नारळ. माझ्याकडं बावीस शाली आहेत, आणि बेळगावची थंडी पूर्वीसारखी राहिली नाही. मला एकट्याला द्या असं म्हणत नाही. माझं पेन्शन आहे. पण हे काम पुढं कुणी करायचं? तुमच्या प्रत्येक गावात मराठी घेऊन पदवी केलेल्या दोन-तीन मुली आहेत. त्यांतल्या एकीला यंदा माझ्यासोबत बसवा आणि तिच्या हातावर पानामागं काहीतरी ठेवा, चहावर भागवू नका. मूळ प्रत ती वाचेल, पेन्सिल मी धरीन. पुढच्या वर्षी ती पेन्सिल धरेल. त्या कन्नड शाळेतल्या पोरालाही पाठवा. त्या रात्रीनंतर त्यानं मला विचारून सगळे नियम वहीत उतरवून घेतलेत आणि आता तोच मला विचारतो, “सर, ‘विद्यार्थिनिधी’ला धि ऱ्हस्व काय?” मी म्हटलं, मुळात शब्दच ‘विद्यार्थीनिधी’ की ‘विद्यार्थिनिधी’ ते आधी ठरवू. आम्ही दोघं अर्धा तास त्यावर बोललो. (‘विद्यार्थिनिधी’. ‘थि’ ऱ्हस्व, ‘धी’ दीर्घ.)

दुपारी तीननंतर मी घरीच असतो. पेन्सिल माझी आहे, चष्मा नवा केलाय. येताना जाहिरातदारांची मूळ पत्रं तेवढी न विसरता आणा. तो बोअरवेलवाला परत जाहिरात द्यायला राजी झाला असेल, तर त्याचा नंबर मी यंदा छापण्याआधी स्वतः लावून बघणार आहे.

आपला,
एक जुना मुद्रितशोधक
शहापूर, बेळगाव